विचारपुशीत जाणारा वेळ

२ जानेवारी, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून पाच सवयी, मसाका शहरातल्या शिबिरात सांगितल्या तशाच. चालणं, दहा मिनिटं शांत बसणं, भरपूर पाणी, कृतज्ञतेच्या तीन ओळी, लवकर झोप. एकवीस दिवसांत सुख टिकाऊ होतं म्हणे. घरातली पहिली पदवीधर मी. मी नाही करायचं तर कोणी? शिवाय चौदा तारखेला नबावीसीच्या सासरचे मागणी घालायला येणार. धाकट्या बहिणीचं आधी ठरलं, याचं मला काही वाटत नाही. हसतमुख मात्र दिसायला हवं.

३ जानेवारी
चालले तीनशे मीटर. लागली पन्नास मिनिटं. प्रत्येक अंगणात कोणीतरी असतंच. बाईमाणसानं गुडघे टेकूनच विचारपूस करायची. रात्र कशी गेली, घरचे कसे आहेत, काल शेतात राबलात त्याबद्दल आभार, गाय बरी आहे ना. शेजारच्या नालुमान्सी आजीकडे तर कोंबड्यांचीही चौकशी. ट्रॅकपँटच्या दोन्ही गुडघ्यांवर चिखल. याला व्यायाम म्हणता येत नाही. (आठ वेळा खाली बसले, आठ वेळा उठले. तरीही नाही.)

४ जानेवारी
आईला विचारलं, नुसता हात दाखवून पुढे गेले तर चालेल का. म्हणाली, हात बसगाडीला दाखवतात.

५ जानेवारी
तोडगा सापडला. केळीच्या बागेमागची पायवाट, कानात इयरफोन, नजर खाली. दोन किलोमीटर, पंचवीस मिनिटं!
कृतज्ञता. एक : वाट मोकळी होती. दोन : कोणी भेटलं नाही. तीन : सुचलं की लिहीन.
थोडं अपराधी वाटलं. पण ती माझी जुनी सवय. मोडायचीच आहे.

७ जानेवारी
हातपंपापाशी नालुमान्सी आजी. शांत बसायची दहा मिनिटं मी चालता चालताच सुरू केली होती, मधेच तोडणं बरं नव्हे. ती काहीतरी म्हणाली. मी पुढे गेले. दिवसभर तेच डोक्यात. उद्या चर्चमध्ये दुप्पट आपुलकीनं भेटेन.

८ जानेवारी, रविवार
आजी चर्चमधून लवकर निघून गेली. निदान मला तसं वाटलं. मी बाकाखाली काहीतरी शोधत होते.

१० जानेवारी
आईनं विचारलं, नालुमान्सीशी कशावरून भांडलीस? म्हटलं, कोणाशीच नाही. म्हणाली, मग गावाला कसं कळलं?
विचारपूस न करता पुढे जाणं म्हणजे घरानं घराशी बोलणं तोडणं, हे मला पदवीच्या आधीपासून ठाऊक आहे. आता गाव म्हणतं, आईनंच शिकवलंय. मोठे सोयरे मिळाले, शेजारी नकोसे झाले. शुक्रवारी मटोकेची, म्हणजे शिजवायची हिरवी केळी सोलायला शेजारणी येतात. चाळीस घड आहेत. त्या आल्या नाहीत तर शनिवारी पाहुण्यांपुढे काय ठेवायचं? नबावीसी म्हणाली, ताईचं सुख वाढू ताटात.

११ जानेवारी
आठ घरं. आठही ठिकाणी गुडघ्यांवर. सगळं खरंखरं सांगितलं : शिबिर, एकवीस दिवस, इयरफोन. नालुमान्सी आजीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, म्हणजे बाई, तुझ्या सुखाच्या आड आम्ही येत होतो होय? मी नाही म्हटलं. पण जरा थांबून. खोटं पटकन जमत नाही मला.

१३ जानेवारी, शुक्रवार. सकाळी ७.००
कोणी नाही. आई एकटीच सोलतेय. माझ्याशी बोलत नाही.

९.३०
आल्या. सगळ्या, आपापल्या सुऱ्या घेऊन. आजी सर्वांत पुढे. पाच मिनिटं आईची विचारपूस, मग नबावीसीची, मग दारात बांधलेल्या बोकडाचीसुद्धा. मला म्हणाली, तू जा गं, फिरून ये. आम्ही आहोत.

संध्याकाळी
गेले नाही. आईनं डोळ्यांनीच खुणावलं, त्यांच्यात जाऊन बस. सुरी घेऊन गेले. बायका थोड्या सरकल्या, जागा झाली. त्या माझ्यासाठी सरकल्या की माझ्यापासून, ते सहा तास सोलूनही कळलं नाही.