बाईंचा सा आणि मामांचा एसी

तीर्थरूप मामांस,

संचालकाच्या खुर्चीतून उठून, वाकून नमस्कार. (पाठ धरली आहे, साष्टांग समजून घ्या.) गुडघा काय म्हणतो? मामीचा आवाज अजून तीन गल्ल्या पलीकडे जातो ना? मग सगळं ठीक आहे.

"गाण्यामागे लागून पोट भरतं का?" असं विचारायचात ना? भरतं! शास्त्रीय संगीताचं एवढं मोठं सभागृह तुमची भाची चालवते. दारावर पितळी पाटी आहे, रोज सकाळी मी ती पदराने पुसते (कुणी बघत नसताना). आणि आल्या आल्या पहिलं काम काय केलं, तर तुम्ही ऐन उमेदीत बसवलेला इथला एसी काढून नवा बसवला. रागावू नका हं, पण त्याच्या घूंऽऽ आवाजावरून घरात अजून तुमची टर उडवतात. आता शेवटच्या रांगेत कुणी खोकल्याची गोळी सोलली, तरी स्टेजवर कळतं. अध्यक्षांनी खूश होऊन सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली (तीच धरली आहे).

मग शनिवारच्या मैफलीत गाणाऱ्या मोठ्या बाई तालमीला आल्या. तिकिटं केव्हाच संपलेली. बाईंनी तंबोरा जुळवायला घेतला, थांबल्या, वर बघितलं आणि म्हणाल्या, "सा कुठे गेला?" अहो, इतकी वर्षं बाई तुमच्या एसीच्या घुमण्यावर तंबोरे लावत होत्या! पेटीवाले मान खाली घालून म्हणाले, "मीसुद्धा." मी इलेक्ट्रॉनिक तंबोरा पुढे केला, तो बाईंनी दोन बोटांनी मागे सारला. म्हणाल्या, या हॉलचा जीव गेलाय, मी गात नाही. अध्यक्षांनी लगेच टोपी फिरवली, शांतता ऐकायला कोण तिकीट काढतं म्हणे! बाई गायल्या नाहीत, तर पितळी पाटी उतरणार आणि मीही.

पण मी डगमगले नाही, मामा. ठणकावून सांगितलं, एकदा काढलेला एसी परत बसणार नाही, संचालक मी आहे. आणि ताठ मानेने घरी आले.

तुमची (आता जरा मानाने हाक मारा),
भाची

ता. क. जुनं धूड टाकलेलं नाही. माझ्या ऑफिसात टेबलक्लॉथखाली आहे, वर फुलदाणी. पत्र मिळताच पहिल्या गाडीने हत्यारांची पेटी घेऊन या ना हो!

ता. क. पुन्हा: एसीचा सूर पेटीवरची काळी चार, किंचित उतरता. हात जोडते, नीट दुरुस्त करू नका.

आणि हो, बाईंच्या कानात मी हळूच सांगितलंय, शनिवारी सा परत येईल. त्यांनी विचारलं, तो एसी बसवला कुणी? मी छाती फुगवून सांगितलं, माझ्या मामांनी. त्या म्हणाल्या, "त्यांना अगदी पुढे बसवा. इतकी वर्षं साथ केली त्यांनी, एकदा नमस्कार तरी करू दे."