घर लेकीच्याच नावे

मी, खाली सही करणारी, बॅगा दुरुस्त करणारी बाई, वय एकाहत्तर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने लिहीत आहे. दडपण आणले गेले. मी त्याखाली आलेली नाही.

एक. दुकान, चामडे शिवायचे मशीन, आऱ्या, पकडी आणि चेनचे डबे मुलाला. त्याला दोन मुले आहेत. बाप म्हणून तो कसा आहे, हे आजवर कोणी विचारलेले नाही.

दोन. दुकानावरचे घर माझे स्वकष्टार्जित आहे. ते लेकीला, संपूर्ण मालकी हक्काने. यावर वाद होणार, म्हणून कारण लिहून ठेवते.

बाळ झाल्यावर लेक उकळलेली बाटली पुन्हा उकळू लागली. बाळ शिंकले की तिची सासू म्हणे, "आमच्या वेळी असं नव्हतं हो." झोपले की, "अंगाला लागत नाही वाटतं दूध?" एका दुपारी लेक बाळाला माझ्या हातात देऊन "आलेच" म्हणाली आणि गेली. अंधार पडला तरी येईना, तेव्हा बाळाला सुनेकडे सोपवून मी शोधत निघाले. बसस्टँडच्या बाकावर सापडली, चपला काढून, पाय पोटाशी घेऊन.

"आई, कुणी बघत नसेल अशा ठिकाणी बसायचं होतं गं. सगळे माझा पेपर तपासतायत."

पुढच्या आठवड्यात विहीणबाई आल्या. जावई मान खाली घालून मागे.

"पोर टाकून जाते तिच्या नावावर घर कशाला? नातवाच्या नावे करा, आम्ही सांभाळू."

"टाकून नाही गेली. आईकडे ठेवून गेली," मी म्हटले.

पाणीही न पिता उठल्या. नातवावर माझा जीव आहे. पण त्याला आत्ता घर नको, धड झोपलेली आई हवी.

तीन. नणंदेला काही नाही. ती राहून गेलेली नाही, वगळलेली आहे. मी तापाने फणफणले होते आणि लेक न विंचरता शाळेत गेली, तेव्हा हिने चारचौघांत विचारले, "तू आई आहेस की शेजारीण?" त्या दिवशी लेकीला शेजारणीनेच जेवू घातले. त्या शेजारणीला माझी चामडी प्रवासी बॅग द्यावी. तिचा डोळा आहेच त्या बॅगेवर.

चार. लेक डॉक्टरीणबाईंची औषधे घेते आहे. काही दिवस बरे जातात, काही नाही. घराची किल्ली फक्त तिच्याकडे राहील. तिने बाळाला घेऊन यावे किंवा एकटीने. कारण सांगायची गरज नाही. जावयाने न्यायला आल्यास दार एकदाच वाजवावे. उघडले नाही, तर माघारी जाऊन बाळाला स्वतः भरवावे.

सही

आमच्यासमोर वाचून सही केली.
साक्षीदार: शेजारचे घड्याळजी, डॉक्टरीणबाई
स्थळ: दुकानावरचे घर
दिनांक: ९ मार्च, सोमवार, दुकान बंद