खटक्याचा आणि साधा

अण्णा, आज सकाळी पेरू कापताना चाकूचं पातं मिटलं आणि उजव्या हाताच्या बोटाला लागलं. फार नाही. हळद दाबली, चिंधी बांधली आणि उरलेला पेरू खाल्ला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्याशी बोलायची सवय राहिलेली नाही, आणि गहिवरून लिहिणं मला कधी जमलं नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. पण बोट बांधल्यावर धुणं-भांडी करता येईनात, म्हणून बसले. अक्षर वाईट येतंय, त्याला इलाज नाही.

चाकू तोच आहे, तुम्ही दिलेला. शिंगाची मूठ आता पिवळट झाली आहे आणि एका बाजूची पितळी टोपी हलते. हे लिहिताना मला आपलं नाशिकरोडचं रेल्वेचं क्वार्टर दिसतंय. दोन खोल्या, भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, खाली पाटावर बसून तुम्ही पेरू कापताय आणि शेजारची पोरं दारात उभी. मालधक्क्यावरून तुम्ही आलात की खिशातून आधी तुमचा जुना चाकू निघायचा, मग पेरू. दिवसभर गोण्यांच्या सुतळ्या कापून त्या चाकूचं पातं झिजून वालाच्या शेंगेएवढं झालं होतं. फोडी करून झाल्या की तुम्ही तो धुवायला आईच्या हातात द्यायचात आणि ती घ्यायची नाही. चाकू, मीठ, मिरची हातातून हातात दिली की भांडण होतं, हे तिच्या माहेरचं तिनं सोडलं नव्हतं. "खाली ठेवा, मी उचलते." तुम्ही हात तसाच पुढे धरून म्हणायचात, "हातातच घे. देव सोडले, व्रतं सोडली, आता हे कशाला? कुठं भांडण होतंय ते बघू." "तुमचं काय जातंय? भांडायला मीच लागते," आई म्हणायची आणि मग घ्यायची. आम्हां दोघां भावंडांना तुम्ही चाकू नेहमी हातातच दिलात, मूठ आमच्याकडे करून. एकदाही खाली ठेवला नाहीत.

मला चांदवडच्या शाळेत नोकरी लागल्याचं पत्र आलं तेव्हा आई दोन दिवस रडली. मुलगी बी.एड. झाली म्हणून काय एकटीनं परगावी खोली घेऊन राहायचं, लग्नाचं कोण बघणार, लोक काय म्हणतील. तुम्ही हो म्हणाला नाहीत आणि नाहीही म्हणाला नाहीत. मी पेटी भरायला घेतली, तुम्ही पेपर वाचत होतात. हजर व्हायचा दिवस जवळ येत चालला आणि मला तुमच्या तोंडून एक शब्द हवा होता, कसलाही. रविवारी सकाळी तुम्ही चपला घालून म्हणालात, "चल, गावात जाऊन येऊ. चाकू घ्यायचाय. माझा झिजून गेलाच आहे, तुलाही एक लागेल." हेच तुमचं हो, असं मी धरलं. आई स्वयंपाकघरातून बाहेर आलीच नाही.

भांडीबाजारातून पुढे, सुऱ्या, कात्र्या, अडकित्ते लटकवलेलं ते अरुंद दुकान. दुकानदार ओळखीचा. "एक मला, एक हिला," तुम्ही सांगता. तो माझ्याकडे बघून हसतो. "ताईला विळी घ्या की भाऊ. माहेरची आठवण राहील." "विळी पर्समध्ये मावत नाही," मी म्हणते. तो फळीवरून एक चाकू काढतो आणि गल्ल्याखालच्या खोक्यातून दुसरा, आणि दोन्ही मिटलेले काचेवर शेजारी शेजारी ठेवतो. तीच शिंगाची मूठ, दोन्ही टोकांना पितळी टोप्या, पात्यावर नखाला तीच खाच. "ओळखा बरं," तो म्हणतो. ओळखता येत नाहीत. मग तो दोन्ही उघडून दाखवतो. एकाचं पातं उघडतं आणि बोटानं मागं लोटलं की निमूट मिटतं. दुसऱ्याचं उघडताना कट्ट आवाज होतो आणि ते अडकून राहतं. मुठीच्या पाठीवरचा खटका दाबल्याशिवाय मिटत नाही. मी लगेच सांगते, खटक्याचा. तुम्ही म्हणता, "आधी हातात घेऊन तर बघ. साडी घेताना तीन दुकानं फिरतेस." "साडीनं बोट कापत नाही. साधा चाकू जोर दिला की आपल्याच बोटांवर मिटतो. हा मिटत नाही." तुम्ही चष्मा काढून पुसता. "तू तिथं भाजी चिरायला चाललीस की मारामारी करायला?" "दोन्हीची तयारी असावी," मी म्हणते. दुकानदार हसतो, तुम्ही हसत नाही. शेवटी तुम्ही दोन्ही घेता, खटक्याचा माझा, साधा तुमचा.

परतताना बसमध्ये, नाशिकरोड येईपर्यंत तुम्ही बोललात तेवढं पूर्वी कधी माझ्याशी बोलला नव्हतात. धक्क्यावर दोन हमाल होते, एकाच गावचे, एकाच डब्यातून जेवणारे. कोणी आधी पाणी प्यायचं यावरून बाचाबाची झाली आणि एकाच्या खिशातून खटक्याचा चाकू निघाला. "तो वाईट माणूस नव्हता," तुम्ही म्हणालात. "माझ्याकडे विडी मागायचा. साधा चाकू असता तर उघडून नीट धरेस्तोवर त्याचा राग गेला असता. तो कट्ट आवाज झाला आणि त्याला वाटलं, आता झालंच." मी विचारलं, "मी काय हमाल आहे?" तुम्ही म्हणालात, "तुझा राग मला माहितीय. माझाच आहे तो." चाकू माझा ठरला होता आणि मला तो विषय पुन्हा काढायचा नव्हता. घरी आल्यावर तुम्ही दोन्ही ठेवून घेतलेत. नवे आहेत, घट्ट आहेत, तेल देऊन देतो म्हणालात.

निघायच्या दिवशी तुम्ही मालेगावच्या गाडीत चढलात, पेटी वर सारलीत, माझ्या शेजारच्या बाईला ही चांदवडला उतरेल म्हणून सांगितलंत, जसं काही मला सांगता येत नव्हतं. मग कोटाच्या खिशातून चाकू काढलात. माझा हात पुढे होता. तुम्ही चाकू माझ्या शेजारी सीटवर ठेवलात आणि म्हणालात, "घे तो." कंडक्टरनं घंटी दिली होती, मागून माणसं चढत होती. मी उचलून पर्समध्ये टाकला. तुम्ही खाली उतरून खिडकीशी उभे राहिलात, पण तोवर गाडी सुटली.

चांदवडला खोलीवर पहिला कांदा चिरायला चाकू उघडला आणि आवाज झाला नाही. पुन्हा मिटून उघडला. बोटानं लोटलं, निमूट मिटला. मी तो घासून धुतला आणि कांदा चिरला. मला आठवतं की मला काहीच वाटलं नाही. नंतर काही दिवसांनी राग आला तेव्हा तोही थंडच होता. माणूस म्हणतो घे तुला हवा तो, आणि मग देतो त्याला हवा तो. चष्म्याचा नंबर वाढला होता तुमचा, चुकून दिला असेल, असंही मी स्वतःला सांगून पाहिलं. पत्रात विचारणं सोपं होतं. मी शाळेबद्दल लिहिलं, पाण्याबद्दल लिहिलं, चाकूबद्दल लिहिलं नाही. तुम्हीही कधी लिहिलं नाहीत.

एक गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही. पहिल्याच हिवाळ्यात घरमालकाचा मेहुणा संध्याकाळी दाराशी येऊन उभा राहायला लागला. काडेपेटी आहे का, पेपर आहे का. एक दिवस घरमालक मंडळी लासलगावला लग्नाला गेली होती आणि हा दार वाजवायला लागला, "मास्तरीणबाई, दार उघडा, नुसतं बोलायचंय." कडी कसली, वाकवलेला खिळा होता. मी चाकू उघडून दारामागे उभी राहिले. माझ्या अंगात तेव्हा भीती नव्हती, राग होता, तुमचाच म्हणा. खिळा काढावा, दार उघडावं आणि याला दाखवावं, एवढंच डोक्यात होतं. पण पात्यावर जोर आला तर ते माझ्याच बोटांवर मिटणार हे मला माहीत होतं, म्हणून सगळं लक्ष त्या मुठीत. तो बराच वेळ वाजवत होता, मग शिवी देऊन गेला. दुसऱ्या दिवशी मी हेडमास्तरांना सांगून खोली बदलली. खटक्याचा असता तर मी खिळा काढला असता. तेवढं मी मला ओळखते. पुढे काय झालं असतं ते मला माहीत नाही आणि तुम्हालाही माहीत नव्हतं.

त्यानंतरच्या थंडीत सुट्टीला घरी आले तेव्हा तुम्ही पेरू आणलेत आणि दातांनी खायला लागलात. मी विचारलं नाही. पर्समधून माझा चाकू काढला, फोडी केल्या. तुम्ही माझ्या हाताकडे बघत होतात. "बरा चालतो?" "चालतो." आई म्हणाली, "दोघं एवढं बोलता, घसा सुकेल." मी चाकू धुऊन पर्समध्ये ठेवला. पुढे दर वर्षी असंच. तुम्ही पेरू दातांनी खायचात, मी माझ्या वाटणीच्या फोडी करायचे आणि तुमच्यापुढेही ठेवायचे, तुम्ही खायचात. माझं लग्न झालं नाही, त्यावरही आपण इतकंच बोललो.

तुम्ही गेलात तेव्हा मी परीक्षेच्या कामात होते, तार मिळाल्यावर निघाले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाली, लोक जेवून गेले, आई आत निजली होती. मला रडू येत नव्हतं म्हणून मी कामं करत होते. फळं उरली होती, ती माझ्या चाकूनं कापून वाटली. धाकट्यानं तुमच्या कोटाचे खिसे रिकामे केले. पास, विडीचं बंडल, चाकू. भावजयीनं दोन्ही चाकू धुतले, पुसले आणि माझ्यासमोर चटईवर ठेवले. मी हात पुढे केला होता. ती म्हणाली, "हातात नाही देत ताई. भांडण होतं म्हणतात. तुम्ही उचला." मला ती मालेगावची गाडी दिसली. सीटवर ठेवलेला चाकू आणि माझा पुढे केलेला हात. चुकून दिला नव्हतात तुम्ही. आईला आयुष्यभर हसलात आणि त्या दिवशी, फक्त माझ्याशी भांडण नको म्हणून, तिचं ऐकलंत.

धाकटा म्हणाला, "ताई, दोन्ही सारखेच. तुला कुठला ठेवायचा?" त्यानं एक उचलून उघडून बघितला. नखानं जोर करावा लागला. कट्ट असा आवाज नीट आलाच नाही, खटका गंजून बसला होता. "अण्णा हा वापरतच नव्हते. मी म्हणायचो, खिशात चाकू आहे ना, मग दातांनी का खाता? म्हणायचे, असू दे खिशात." त्यानं तो मिटून पुन्हा चटईवर ठेवला. मला दोन्ही ओळखू येत होते, मिटलेलेसुद्धा. माझ्या चाकूच्या मुठीवर तेव्हाच डाग पडले होते, तुमचा नवा दिसत होता. मी माझा उचलला. धाकट्यानं तुमचा उचलला आणि कपाटात ठेवला. भावजय म्हणाली, "बरं झालं, वाद नाही झाला."

तो अजून त्याच कपाटात आहे. मी त्याच्याकडे गेले की धाकटा विचारतो, चहा घेणार का, आणि मी कपाटाकडे बघते. मागितला तर तो लगेच देईल, हातात देईल. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, असता तरी पाठवलं नसतं. तुमचा निर्णय बरोबर होता, हे मी चांदवडला त्या दारामागेच मान्य केलं आहे. पण अण्णा, मला खटक्याचाच हवा होता. अजून हवा आहे.