गेमचं पोर्ट चालू झालंय

विशाखा बेटा,

तू कॉलेजात असतानाच हैदराबादहून मम्मीचा फोन आला. सुगतदादाची तब्येत लई बिघडली हाय. मी तिकडं त्याच्या दवाखान्याकडं निघालो. भाजी झाकून ठेवलीय, जेवून घे.

नेटवाला सकाळी येऊन गेला. नव्या कनेक्शनवर गेमचं पोर्ट, म्हंजे नेटवरून गेम जोडायची वाट, कंपनीच बंद ठेवते म्हणाला, आन् दहा मिनिटांत चालू करून दिलं. तू महिनाभर हेच सांगून राहिली होतीस. "पप्पा, दादा फोनवर गप्प राहतो, गेम खेळतानाच बोलतो," म्हणायचीस. मला वाटलं, खेळायचा बहाणा हाय. कनेक्शन माझ्या नावावर, तक्रार मलाच करायची होती. तो रोज संध्याकाळी तुझी वाट बघतो, असं परवा मम्मी म्हणाली, तेव्हा कुठं मी तक्रार केली.

आता त्याला खेळता येणार न्हाई बेटा. बोलताही येईना. पण ऐकू येतं, असं डॉक्टर म्हणतात. सात वाजता मम्मी त्याच्या कानाशी फोन धरणार हाय. खेळताना बोलायचीस तसंच बोल त्याच्याशी. रडू नको.

हे तुला तोंडानं सांगायची माझी हिंमत झाली न्हाई.

पप्पा