साबणाच्या खोक्यावरून

डेप्टफर्ड, लंडन
३ मार्च १९५७

ती. एम्लिनदादास,
धाकट्या नेस्टाचा सा. न. वि. वि.

तुझी सर्दी गेली का? ग्वेनवहिनीनं विणलेले मोजे तुझ्या मेव्हण्याला, विल्फला, अगदी बेतशीर बसले. गोदीवर सगळ्यांना बूट काढून दाखवत होता.

आता बातमी सांगते, पण आधी खुर्चीत बस. काल मी भर बाजारात, कोपऱ्यावर, साबणाच्या खोक्यावर उभी राहून भाषण केलं.

झालं असं, आमच्या गल्लीच्या टोकाचं धुणंघर नगरपालिका बंद करणार आहे. उन्हाळ्यात कुलूप लावायचं आणि आत कचऱ्याच्या गाड्या ठेवायच्या. तू म्हणशील, घरी धुवा. दादा, इथल्या निम्म्या घरांत गरम पाण्याचा नळ नाही आणि अंगण तर कुणालाच नाही. माझ्या शेजारच्या कुंडीवर धुणारी ऑलिव्ह बीमिश दोन खोल्यांत पाच पोरं वाढवते. तिनं चादर वाळत घालायची ती पाळण्यावरच. तान्ह्याचा खोकला थांबतच नाही. धुणंघरात बॉयलर आहेत, वाळवायची गरम कपाटं आहेत, आणि खरं सांगू, आठवड्यातून एकदा पोटभर बोलायची आम्हा बायकांची तेवढी एकच जागा आहे.

म्हणून ठरलं, की शनिवारी कोपऱ्यावर कुणीतरी बोलायचं. तो कोपरा बोलणाऱ्यांचाच. देव येतोय म्हणणारे, देव नाहीच म्हणणारे, दारू सोडा म्हणणारे, सगळे तिथेच घसा फोडतात. कोण बोलणार म्हटल्यावर साऱ्याजणींनी माझ्याकडे पाहिलं. माझा आवाज म्हणे बॉयलरच्या वर ऐकू जातो. चढले. दोन वाक्यं बोलले आणि डोकं पुसल्या पाटीसारखं कोरं! वाम मासे विकणारा स्टबिन्स पलीकडून ओरडला, की बाई, खोकं भाड्यानं आणलंय का? बोल नाहीतर परत देऊन ये. लोक खो खो हसले. मी खाली उतरले.

पण पुन्हा चढणार आहे. तू तीस वर्षं चॅपेलात प्रवचनं देतोस, लोक रुमाल काढतात. मला एक फक्कड भाषण लिहून दे.

तुझ्या बोलण्यांची वाट पाहते. ती संपली की उरलेल्या जागेत थोडा लोभ लिही.

तुझी
नेस्टा

•

कपेल गोख, वेल्स
८ मार्च १९५७

चि. नेस्टा हीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. खुर्चीत बसूनच वाचले, तरीही घेरी आली. प्रोथेरोंच्या घरातली बाई मासेवाल्यांच्या गर्दीत, खोक्यावर! आई असती तर तिने काय म्हटले असते? लहानपणी मीच तुला कितीदा बजावले होते, की मुलीचा आवाज उंबऱ्याच्या आत शोभतो. एका शाळेच्या हेडमास्तरची तू बहीण आहेस, एवढे तरी ध्यानात ठेवायचे होतेस.

तथापि, बोलायचेच असेल तर नीट बोल. सोबत नऊ पाने जोडली आहेत. प्रारंभ प्राचीन रोमन लोकांच्या स्नानगृहांपासून केला आहे, म्हणजे विषयाला भारदस्तपणा येईल. तांबडी रेघ दिसेल तिथे थांबावे. दोन तांबड्या रेघा दिसतील तिथे उजवा हात वर करावा. सातव्या पानावर डोळे पाणावतील. तुझे नव्हे, श्रोत्यांचे.

तुझी वहिनी शेजारी उभी राहून हसते आहे. कारण विचारले तर सांगत नाही.

विल्फला नमस्कार. माझा राग खरा आहे, पण तो नऊ पानांपेक्षा मोठा नाही.

तुझा
एम्लिन

•

डेप्टफर्ड
३१ मार्च १९५७

ती. दादास,
नेस्टाचा सा. न. वि. वि.

तुझी नऊ पानं मी इमानेइतबारे वाचायला घेतली. दुसऱ्या पानावर अजून रोमन लोक आंघोळच करत होते. स्टबिन्सनं विचारलं, की ते सगळं ठीक, पण त्यांचे लंगोट कोण धूत होतं? मी तांबड्या रेघेवर थांबले, तर तो म्हणाला, बघा, तिलाही माहीत नाही! मग वाऱ्यानं चौथं पान उडवलं ते थेट त्याच्या वामांच्या टोपलीत. त्यानं ते उचलून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, तीही पाद्र्याच्या आवाजात.

दादा, मला इतका संताप आला, की उरलेली पानं खिशात कोंबली आणि तोंडाला येईल ते बोलत सुटले. म्हटलं, लंगोट बायकाच धूत होत्या, मेल्या, तुझी बायको तुझे धुते तशाच! मग ऑलिव्हच्या पाळण्यावरची ओली चादर सांगितली, तान्ह्याचा खोकला सांगितला. लोक जवळ सरकले. स्टबिन्ससुद्धा. ऑलिव्ह पुढेच उभी होती. तिनं पोराला वर उचलून धरलं आणि ते नेमकं तेव्हाच खोकलं.

दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणून विल्फ मला हाइड पार्कात, बोलणाऱ्यांच्या मोठ्या कोपऱ्यावर, घेऊन गेला. तिथे शिडीवर उभा एक म्हातारा दोन तास बोलत होता, की सगळी घड्याळं बंद केली तर जगातली भांडणं मिटतील. त्याचं एकही वाक्य मला पटलं नाही, पण पाय निघेना. नंतर त्याला गाठून विचारलं, की हे जमतं कसं? म्हणाला, मध्ये तोंड घालणारा माणूस हा देवाचा प्रसाद समजावा. तो गेला की गर्दी जाते. आणि सगळ्यांशी बोलू नये, एकाच चेहऱ्याशी बोलावं.

मी स्टबिन्सच्या चेहऱ्याशी बोलते. आता दर शनिवारी आमची जुंपते आणि लोक ती ऐकायला येतात. धुणंघर वाचवायच्या अर्जावर बायकांच्या सह्या भराभर पडताहेत. पुरुष मात्र हसतात आणि पुढे जातात. धुणं म्हणजे बायकांचं लचांड! आणि नगरपालिकेच्या सभेत मत देणारे नगरसेवक जवळजवळ सगळे पुरुषच. एकवीस मेला, मंगळवारी, सभेत निकाल आहे.

पानांबद्दल रागावू नकोस. लोभ धर. ओला असला तरी चालेल, वाळवायची सोय अजून आहे.

तुझी
नेस्टा

•

कपेल गोख
२ मे १९५७

चि. नेस्टा हीस आशीर्वाद.

तुझ्या पत्राला महिनाभर उत्तर दिले नाही, कारण मला शब्द सुचत नव्हते. हे माझ्या आयुष्यात प्रथमच घडले, असे तुझी वहिनी म्हणते.

माझे लेखन वामांच्या टोपलीत गेले याचे दुःख नाही. दुःख याचे, की वाक्यांना ज्या आवाजाची गरज होती तो त्यांना मिळाला नाही. म्हणून मी स्वतः येत आहे. अकरा तारखेला, शनिवारी सकाळी पॅडिंग्टनला उतरेन आणि सोमवारपर्यंत राहीन. रविवारच्या प्रवचनाला दुसरा माणूस ठरवला आहे. विल्फने खोके तेवढे मजबूत आहे ना ते पाहून ठेवावे. पुरुषांना कसे वळवायचे ते मी दाखवतो.

वहिनी मनुकांचा केक पाठवते आहे. सोबत निरोप असा, की ‘ह्यांना परत पाठवताना नीट गुंडाळून पाठव.’ अर्थ मला कळलेला नाही.

भेटीअंती सारे बोलूच.

तुझा
एम्लिन

•

डेप्टफर्ड
१३ मे १९५७

ती. दादास,
नेस्टाचा सा. न. वि. वि.

सुखरूप पोहोचलास ना? सोमवारपर्यंत राहणार होतास आणि शनिवारच्याच संध्याकाळच्या गाडीनं निघालास. म्हणे उद्या प्रवचन आहे. दुसरा माणूस ठरवल्याचं तूच लिहिलं होतंस, पण विल्फनं डोळा मारला म्हणून मी बोलले नाही. केक तसाच आहे. तुझ्याशिवाय कापवेना.

तू तोंड लपवून गेलास, म्हणून तुझ्या पाठीमागे काय झालं ते तुला कळलंच नाही. ऐक.

तू खोक्यावर चढलास आणि पहिला शब्द उच्चारलास, तेव्हा छपरावरची कबुतरं उडाली. असा आवाज त्या कोपऱ्यानं ऐकलेला नव्हता. दारूच्या गुत्त्यातून माणसं ग्लास हातात घेऊन बाहेर आली. दादा, तीनशेच्या वर लोक होते, आणि पहिल्यांदाच त्यांत पुरुष जास्त होते! मी सव्वादोन महिने घसा खरवडून जे केलं नाही ते तू एका श्वासात केलंस. मला हेवा वाटला, खोटं कशाला सांगू?

मग स्टबिन्सनं तुला विचारलं, की मास्तर, अंगातला तो पांढराशुभ्र शर्ट तू कधी स्वतः धुतलायस का?

चॅपेलात तुला कुणी कधी उलट विचारलेलं नाही. तू थांबलास. मला वाटलं, आता रोमन लोक येतात. पण तू लाल झालास, कॉलर चाचपलीस, आणि म्हणालास, नाही. कधीच नाही. मग हसण्याचा जो गडगडाट झाला त्यात तू उतरलास आणि टोपी घेऊन चालू लागलास.

तू कोपरा वळलास आणि मी खोक्यावर उडी मारली. म्हटलं, हसता काय? हा माझा भाऊ आहे, खोटं बोलता आलं असतं तरी बोलला नाही. आता तुम्ही सांगा. ज्यानं आपला शर्ट धुतलाय त्यानं हात वर करा! एक हात वर आला, तो एका खलाशाचा. बाकी ग्लास धरलेले सगळे हात खालीच. म्हटलं, स्टबिन्स, तुझा? तर तो टोपलीत तोंड घालून वाम मोजायला लागला. बायका पोट धरधरून हसल्या. मग मी सावकाश म्हटलं, की तुमच्यातला प्रत्येक जण आज या धुणंघरातून निघालेले कपडे घालून उभा आहे. मग हे बायकांचं लचांड कसं?

पहिली सही स्टबिन्सनं केली. कागदाला अजून वास येतोय. अंधार पडेपर्यंत एकशे चौऱ्याहत्तर पुरुषांच्या सह्या झाल्या.

तुझी सगळी प्रवचनं एका बाजूला आणि तुझं ते एक ‘नाही’ एका बाजूला. रुसला असशील तर रूस, पण पोटभर जेव. लोभ माझ्याकडून दुप्पट समज.

तुझी
नेस्टा

•

कपेल गोख
१७ मे १९५७

प्रिय नेस्टा,
आशीर्वाद देण्याची आज माझी पात्रता नाही, म्हणून नुसतंच प्रिय.

दोन दिवस मी माझ्या खोलीतच जेवलो. तिसऱ्या दिवशी ग्वेननं माझ्यासमोर बादली, साबण आणि लंडनहून आलेला शर्ट ठेवला, आणि आपण शेजारी निघून गेली.

मी तो धुतला. सव्वा तास लागला. बोटांची सालं निघाली, गुडघे भिजले, आणि कॉलरवरची काळी रेघ होती तिथेच आहे. एक शर्ट! आई आम्हा सहा जणांचं धुणं दर सोमवारी ओढ्यावर न्यायची. रविवारी पांढऱ्या कपड्यांत चॅपेलात मी कविता म्हणायचो आणि लोक तिला म्हणायचे, काय हुशार मुलगा आहे. तिचे हात ती शालीखाली धरायची. मला वाटायचं, थंडी वाजते.

आणखी एक लिहितो, हे तोंडावर सांगता येणार नाही. तुझा आवाज माझ्यापेक्षा चांगला होता. घरात सगळ्यांना माहीत होतं. मी कॉलेजात गेलो आणि तेराव्या वर्षी तुला लंडनला लोकांच्या घरी कामाला पाठवलं. गाडीत बसताना तू मोठ्यानं रडलीस, तेव्हा हळू रड, लोक बघताहेत, असं तुला म्हणणारा मीच होतो.

आता हळू बोलू नकोस. मंगळवारी त्या सभागृहाच्या काचा हलू देत.

निकाल तारेनं कळव. मी पोस्टाच्या दारातच उभा असेन.

तुझा
दादा

•

डेप्टफर्ड
२६ मे १९५७

माझ्या दादास,
नेस्टाचा वाकून नमस्कार.

तार मिळालीच असेल. तारेत ‘राहिलं’ एवढंच लिहिलं, कारण बाकीचं मावत नव्हतं.

आम्ही सत्तर बायका बाबागाड्या घेऊन सभेला गेलो. गाड्यांत पोरं नव्हती, आठवड्याचं मळकं धुणं होतं. शिपाई अडवायला आला, पण ऑलिव्हनं गाडीवरची चादर जराशी उचलताच वास घेऊन बाजूला झाला. मला तीन मिनिटं दिली होती. अध्यक्ष घड्याळ हातात घेऊन बसले होते. मी शेवटच्या रांगेतल्या एका झोपाळू नगरसेवकाचा चेहरा धरला आणि त्याच्याशीच बोलले. रोमन लोकांचं नाव काढलं नाही, माफ कर. तुझ्या आईचं आणि माझ्या आईचं, म्हणजे आपल्या आईचं सांगितलं. ओढा सांगितला, शालीखालचे हात सांगितले. तुझ्या पत्रातून चोरलं. तीन मिनिटं झाली तेव्हा अध्यक्षांनी घड्याळ पालथं ठेवलं.

अठरा विरुद्ध सोळा. पाच वर्षं धुणंघराला कुणी हात लावणार नाही. विल्फ गॅलरीत ढसाढसा रडला आणि वर मलाच म्हणतो, तुझ्या डोळ्यांत काहीतरी गेलंय.

शनिवारी मला वाटलं, आता कोपऱ्यावर काय काम? भाजी आणायला गेले, तर स्टबिन्सनं खोकं मांडून ठेवलेलं आणि शंभर माणसं उभी! म्हणाला, तू जिंकलीस म्हणून आम्ही शनिवारी काय करायचं? मग चढले. विषय नव्हता, तर गल्लीतल्या बंद दिव्यावर वीस मिनिटं बोलले.

आणि त्या गाडीतल्या रडण्याचं म्हणशील तर मी तेव्हा हळू रडलेच नव्हते, दादा. दोन स्टेशनं मोठ्यानं रडले. तेव्हा ते मनाला लावून घेऊ नकोस. लोभ आहे, होता, आणि खणखणीत आवाजात राहील.

तुझी
नेस्टा

•

कपेल गोख
३ जून १९५७

चि. नेस्टा हीस अनेक, अनेक आशीर्वाद.

काल प्रवचन अर्ध्यावर आलं आणि मला काय झालं कोण जाणे, थांबलो. तांबड्या रेघेवर नव्हे, असाच. लोकांना म्हणालो, की तीस वर्षं मी एकटाच बोलतोय. कुणाला काही विचारायचं असेल, उलट बोलायचं असेल, तर आज बोला.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मला वाटलं, झालं, उद्यापासून हे लोक मला वेड्यात काढणार. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरच्या मोर्विथबाई, वय वर्षं एक्क्याऐंशी, काठी टेकत उठल्या. म्हणाल्या, मास्तर, जलप्रलयावर तुमची अकरा प्रवचनं मी ऐकली, आणि अकराही वेळा छपराचं पाणी माझ्याच डोक्यावर गळत होतं. तुम्ही वर बघून हात उंचावत होता, तेव्हा ते भोक तुम्हाला दिसलं नाही का?

सगळं चॅपेल हसलं. मीही हसलो. मग गवंडी उठला, मग पोस्टमास्तरची बायको, मग कोपऱ्यात कधी मान वर न करणाऱ्या दोघी बहिणी. शेवटी तुझी वहिनी उभी राहिली. तिच्याजवळ यादी होती.

आमेन म्हणायला दीड वाजला. सगळ्यांचं जेवण करपलं आणि घरी जायला कुणी तयार नव्हतं.

तुझा
दादा