महापौरांच्या फलकावरचा डाग

रविवार, १२ ऑक्टोबर. कॅरी, अमेरिका.

अप्पा, आज सकाळी कपडे मशीनला लावले, पालक निवडला, दुकानातून काळ्या रंगाचा लहान डबा आणि ब्रश आणला. मेलबॉक्सवरचा घरनंबर पुसट झालाय, पुन्हा रंगवा, असं इथल्या सोसायटीचं पत्र आलंय. ब्रश अजून पिशवीतच आहे. मी स्वयंपाकघर ते पुढचं दार अशा फेऱ्या मारतेय.

कारण तुमची नात. कॉलेजसाठी ती आपल्या शहराच्या महापौरांवर निबंध लिहितेय. दोन राज्यांनी हक्क सांगितलेलं शहर. मराठी महापौर झाला की एका बाजूला फटाके, कन्नड झाला की दुसऱ्या. तिने तिथे राहणाऱ्या काकांकडून पालिकेतल्या महापौरांच्या नामफलकाचा फोटो मागवला. दरवर्षी नवा महापौर, दरवर्षी तुमच्या ब्रशची एक नवी ओळ. काल तिचा फोन आला. "आई, सगळी नावं इतकी परफेक्ट आहेत, आणि हे एकच कन्नड नाव स्मज झालंय. आजोबांनी मुद्दाम केलं ना? लाइक, प्रोटेस्ट?" मी म्हणाले, "असेल." ती ओरडलीच, "ओ माय गॉड, मला माझा शेवटचा पॅराग्राफ मिळाला!" निबंध उद्या सकाळी द्यायचाय.

त्या वर्षी पहिल्यांदा एक नाव कन्नडमध्ये लिहायचं ठरलं होतं. तुम्हाला ती लिपी येत नव्हती. महिनाभर तुम्ही स्वयंपाकघरात जमिनीवर बसून जुन्या वर्तमानपत्रांवर ती गोल अक्षरं गिरवत होता. आई भाकरी थापता थापता म्हणते, "आता गल्लीत तोंड कसं दाखवू मी?" तुम्ही मान वर करत नाही. "माणसाचं नाव आहे. नीट लिहायला नको?" शाळेत मुली मला 'कानडी पेंटरीण' म्हणून चिडवत होत्या. तुम्ही ते नाव फलकावर लिहिलंत त्या दिवशी मधल्या सुट्टीत तुमचा डबा घेऊन मी पालिकेत आले, तेव्हा तुम्ही हात धुवायला गेला होता. फलक भिंतीला टेकवलेला होता. शेवटची ओळ ओली, चमकत होती. मी तिच्यावरून तळहात फिरवला.

तुम्ही आलात. आधी ओळ पाहिलीत, मग माझा हात. आता ओरडतील, असं मला वाटलं. तुम्ही रॉकेलचा बोळा घेतलात आणि माझं एकेक बोट पुसलंत. तेवढ्यात साहेब आले. "काय पेंटर, मराठी रक्त उसळलं वाटतं?" तुम्ही म्हणालात, "हात घसरला, साहेब." कोणालाच ते पटलं नाही. तुम्ही ते नाव पुन्हा लिहिलंत, पण मागचा डाग गेला नाही. पुढच्या वर्षापासून फलक दुसऱ्या पेंटरकडे गेला आणि तुम्ही कचराकुंड्यांवर नंबर टाकू लागलात. गल्लीत मात्र लोक तुमची पाठ थोपटत होते. तुम्ही खाली मान घालून निघून यायचात. घरी मला त्याबद्दल एक शब्द बोलला नाहीत. कधीच नाही.

आता उद्या तिच्या निबंधात तुम्ही वीर होणार, तुमच्या हातून कधी झालंच नसतं अशा गोष्टीसाठी. सकाळपासून हे आत टोचतंय. मघाशी तिला मेसेज टाकला: 'तो पॅराग्राफ काढ. ते नाव मी पुसलं होतं, आजोबांनी नाही. मोकळी झालीस की फोन कर.' तुम्ही असतानाच हे तुमच्याशी बोलायला हवं होतं. लाज वाटायची, असं मी स्वतःला सांगत आले. पण खरं सांगू? गल्लीतले लोक तुमची पाठ थोपटायचे, ते मला आवडायचं.

हा कागद खणात ठेवते. अजून उजेड आहे, तोवर नंबर रंगवून येते. रात्री. कागद पुन्हा बाहेर काढलाय. मेलबॉक्सवरचा शेवटचा आकडा ओला असतानाच माझा अंगठा त्याला लागला. तो पुसून पुन्हा काढला. मग पायरीवर बसून चिंधीने एकेक बोट पुसलं.