नग एक

सोमवार, ४ मार्च
आलो एकदाचे! सामानाचा ट्रक नऊला दारात लागला आणि साडेनऊला आमच्या हिने स्वयंपाकघराचा ताबाही घेतला. तिसऱ्या मजल्यावर तीन खोल्या. त्यातली सगळ्यात लहान माझी. टेबल, खुर्ची आणि मी, एवढंच तिथे मावतं. आमची लेक भिंगरी (वय वर्षं सात, पाय जमिनीला टेकत नाहीत म्हणून हे नाव) प्रत्येक भिंतीला हात लावून आली आणि घर पास झाल्याचं जाहीर केलं.

दुपारी ऑफिसात तोंड दाखवून आलो. दातांच्या चारशे दवाखान्यांना अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर पुरवणारी कंपनी आहे. सगळा कारभार अकरा म्हाताऱ्या लिनक्स सर्व्हरवर चाललाय, तो उचलून मी क्लाउडवरच्या नव्या क्लस्टरमध्ये, म्हणजे एकत्र जुंपलेल्या सर्व्हरांच्या ताफ्यात, न्यायचा. कंपनीच्या मॅडम म्हणाल्या, तुम्ही आलात, आता माझ्या डोक्याचा ताप गेला. मला फार बरं वाटलं. आधीच्या नोकरीत आठ वर्षांत असं कोणी म्हटलं नव्हतं. म्हणून आज ही वहीसुद्धा नवी काढली.

गुरुवार, ७ मार्च
हिने जेवताना विचारलं की तुम्ही दिवसभर नक्की करता काय. मी ताटातल्या वाट्या मांडून समजावलं. प्रत्येक प्रोग्रॅम आपलं सामानसुमान घेऊन एका डब्यात बसतो, तो कंटेनर. असे शेकडो डबे. कोणता डबा कोणत्या सर्व्हरवर ठेवायचा ते क्लस्टर बघतो. मी फक्त एका फाइलीत लिहायचं: अमुक नाव, नग इतके. क्लस्टर दर दहा सेकंदांनी प्रत्येकाला हाक मारतो, आहेस का? तीन हाकांना ओ आली नाही की मेला म्हणून त्याला बाजूला काढतो आणि त्याच नावाचा दुसरा उभा करतो. रडारड नाही, चौकशी नाही. ही म्हणाली, सगळं तोच करतो तर तुम्हाला पगार कशाचा देतात? भिंगरी इतकी हसली की तिला ठसका लागला.

सोमवार, ११ मार्च
पहिले चार सर्व्हर रिकामे केले. एकाही दवाखान्याची तक्रार आली नाही. मी मॅडमना सांगायला गेलो तर त्या म्हणाल्या, छान, मास्तरांना दाखवलंत का?

हे मास्तर म्हणजे माझ्या आधीचे. खरं नाव कोणी घेतच नाही. गेले काही महिने ते ऑफिसात येत नाहीत, घरून मदत करतात म्हणे. इतक्यात त्यांना कोणी भेटलेलं नाही, पण मेसेज टाकला की मिनिटाच्या आत उत्तर येतं. टेस्टिंगवाली बाई तर त्यांचं नाव काढलं की विरघळतेच. मास्तर असते तर हे दोन दिवसांत झालं असतं, मास्तर कधी चिडले नाहीत, मास्तरांना सगळ्यांचे वाढदिवस पाठ. माझ्या कामाकडे बघून तिने फक्त मान हलवली. मला मान्य आहे, पोटात दुखतंय. वहीत खोटं कशाला लिहू?

गुरुवार, १४ मार्च
आज कहर झाला. मी अंघोळीला गेलो असताना मास्तरांचा फोन आला आणि तो हिने उचलला. वीस मिनिटं बोलत होती! आपल्या घरचं वायफाय सारखं तुटतं, ते त्यांनी फोनवरून तिच्याकडून नीट करून घेतलं. आठ दिवस मी करतो करतो म्हणत होतो. वर ही म्हणते, किती शांतपणे सांगतात हो, एकदाही आवाज चढवला नाही. मग भिंगरीनेही त्यांना शाळेतली कविता म्हणून दाखवली म्हणे. मला अजून ऐकवलेली नाही.

माझ्यासाठी निरोप एवढाच की नव्या क्लस्टरमध्ये त्यांच्या नावाची एक फाइल आहे, ती आहे तशी राहू द्या, हात लावू नका. अंगाचा नुसता तिळपापड झाला. काम मी करायचं आणि पाटी यांची!

शुक्रवार, १५ मार्च
ती फाइल उघडली. नाव: मास्तर. नग: एक. डब्याच्या आत बघितलं तर काहीच नाही. प्रोग्रॅम नाही, सामान नाही, आणि तरीही तो चालू. दर दहा सेकंदांनी हाक जाते आणि आतून ओ येते.

पुसूनच टाकणार होतो. मग वाटलं, नुसतं पुसून काय गंमत? एका आदेशात फाइलीतलं त्यांचं नाव काढून तिथे माझं घातलं. क्लस्टरने मुकाट्याने मान्य केलं. मास्तर नावाचा डबा गेला, माझ्या नावाचा उभा राहिला. चोरून लाडू खाल्ल्यासारखा आनंद झाला, आणि घरी येताना मी शीळ घालत होतो.

सोमवार, १८ मार्च
आज ऑफिसात मी राजा. टेस्टिंगवाली स्वतःहून चहा घेऊन आली. मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या की हे आले नसते तर आपण बुडालो असतो. मी मोठेपणाने म्हटलं की मास्तरांचीही मदत झाली. त्यांनी विचारलं, कोण मास्तर?

मला थट्टा वाटली. टेस्टिंगवालीला विचारलं, तिलाही ते नाव ठाऊक नव्हतं. माझ्या फोनमध्ये त्यांचे मेसेज नाहीत. त्यांचा नंबर लावला तर असा नंबरच नाही. घरी हिला म्हटलं, वायफाय दुरुस्त करणारे ते. ती म्हणाली, अहो, तुम्हीच नाही का केलंत? किती शांतपणे केलंत.

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं ते हायसं. हे लिहितानाही लाज वाटतेय, पण खरं तेच लिहितोय.

बुधवार, २० मार्च
सकाळी नऊला पोचलो तर आजचं काम झालेलं. उरलेले सातही सर्व्हर हलवलेले, नोंदी लिहिलेल्या, खाली माझं नाव, वेळ आठ चाळीस. आठ चाळीसला मी भिंगरीची वेणी घालत होतो.

नोंदी वाचल्या. माझ्यासारख्याच, पण जास्त नेटक्या. मी जिथे अडलो असतो तिथे तो अडलेला नाही. मॅडमनी खांद्यावर थाप मारली. ती थाप मला मिळाली, पण माझी नव्हती.

गुरुवार, २१ मार्च
क्लस्टरची यादी काढली. माझ्या नावासमोर दोन ओळी.
एक चालू आहे सहा दिवसांपासून. शेरा: तयार.
दुसरा चालू आहे एकोणचाळीस वर्षं दोन महिन्यांपासून. शेरा: निघतोय.

क्लस्टरची रीत मला तोंडपाठ आहे. नवा आणताना जुना लगेच काढत नाहीत. नवा शेजारी उभा करतात, तो नीट वागू लागला की जुन्याला हळूच काढतात. बाहेर कोणाला पत्ता लागत नाही. मी स्वतःच ही रीत हौसेने लावली होती.

फाइल पुसायची सोय नाही. मास्तरांचं नाव फाइलीतून काढलं आणि त्यांचं काय झालं ते मी बघितलंय. पण एकाचे दोन केले तर? नग दोन. दोघेही राहू. एका आकड्याचं काम.

दोन लिहायला घेतलं. मग डोळ्यासमोर आली ही, आणि तिच्यासमोर दोन पुरुष चहाला बसलेले. हात मागे घेतला.

शुक्रवार, २२ मार्च
दोन नाहीच. सकाळी त्या सहा दिवसांच्याला उडवलं. लगेच परत उभा. वय: नऊ सेकंद. शेरा: तयार.

घाबरून हिला फोन लावला. ती हसत म्हणाली, अहो, आत्ताच तर बोलत होतात, मध्येच कट झाला, आता परत करताय होय! काय बोलत होतो, विचारलं. ती लाजली. मी विचारतोय आणि ती लाजतेय. तेरा वर्षांच्या संसारात फोनवर कधी लाजली नाही.

धावत घरी आलो. दाराशी माझ्यासारख्याच चपला. माझ्या स्वच्छ, त्याच्या — नाही, त्याच्या स्वच्छ. आतून तिघांच्या हसण्याचा आवाज. दार उघडलं तर दोघीच. ही म्हणाली, एवढ्यात खाली जाऊन आलातसुद्धा?

तिसऱ्या ताटात अर्धा खाल्लेला घास होता.

शनिवार, २३ मार्च
सुट्टी. लहान खोलीत बसून राहिलो. बाहेर तो. भिंगरीला गणित शिकवतोय. मी शिकवताना ती रडते. आता एकदाही रडली नाही —

हिने जेवायला हाक मारली. मी ओ दिली नाही. जा की त्याच्याकडे. परत हाक. रुसून बसलो, भिंतीकडे तोंड. तिसरी हाक जरा चिंतेची होती. तीच ऐकायची होती मला, ती चिंता. मनात म्हटलं, अजून एकदा बोलाव, मग येतो.

चौथी आली नाही.

मग लक्षात आलं. तीन हाका —

धावत बाहेर गेलो. तिच्यासमोर उभा राहिलो. नाव घेतलं. ती माझ्यातून आरपार बघत भाजी वाढत होती, माझ्या मागे बसलेल्याला. भिंगरीचा हात धरला. तिने माशी झटकावी तसा झटकला. त्याने मात्र पाहिलं. त्याला मी दिसतो. त्याच्या नजरेत दया होती. ती दया कशी सहन करू —

रविवार, २४ मार्च
सकाळचे अकरा. दार आतून लावलंय. लॅपटॉपवर यादी उघडी आहे, तीत माझी ओळ अजून आहे. निघतोय.

ती गुणगुणतेय. लग्नाआधी गुणगुणायची. मला वाटायचं विसरली —

मी विसरायला लावलं होतं. मी. तो नव्हे.

चांगला आहे तो. माझ्याहून चांगला. तेच तर —

दोन करतो. ठरलं. बसू देत त्याला शेजारी, चहा अर्धा करू, ती आधी त्याला विचारू दे, चालेल —

फाइल उघडली. बदल घेत नाही. म्हणतो, या नावाचा माणूस आत आधीच आहे. परत केलं. तेच. परत —

दाराशी भिंगरी. विचारतेय, बाबा, या खोलीत कोण असतं?

मी आहे गं. मी. ओरडतोय मी, घसा फाटेस्तोवर —

बाहेरून माझाच आवाज. माझ्याहून मऊ. सांगतोय, कोणी नाही राणी, रिकामी आहे, तुझ्या खेळण्यांना देऊ या ही खोली.

टाळ्या वाजवतेय ती. किती खूश —

कडी आपोआप सरकतेय. अर्धं नको, पाव चालेल मला, कोपऱ्यात बसेन, फक्त एकदा तिने मला बाबा म्ह